पर्यावरणपूरक घर, पण कुणाच्या मते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधायला निघालेली माणसं पहिल्या भेटीत आम्हाला साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून ते एकदा लिहून काढले. उत्तरं महाराष्ट्रातल्या घरांपुरती आहेत. काही ठिकाणी आमची मतं तुम्हाला पटणार नाहीत, त्याला इलाज नाही.

पर्यावरणपूरक घर म्हणजे नेमकं कसलं घर?

कुणाला विचारता त्यावर आहे. मालक म्हणतो, वीजबिल कमी यावं आणि मे महिन्यात पंख्यावर भागावं. मिस्त्री म्हणतो, एकदा बांधलं की पन्नास वर्षं हात लावायला लागू नये. बिल्डरच्या डोक्यात प्रमाणपत्र असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअर कमीत कमी सिमेंट-सळईत सुरक्षित उभी राहणारी इमारत शोधतो. आर्किटेक्ट माती, चुना, दगड म्हणत तुमच्याकडे अपेक्षेनं बघतो. चळवळीतला मित्र म्हणतो, मुळात नवं बांधताच कशाला? आणि घरातली बाई, जिला या चर्चेत बहुतेक वेळा चहापुरतंच बोलावतात, ती विचारते की ही भिंत पुसायची कशी आणि कौलं कोण शाकारणार.

यातलं एकही मत खोटं नाही. भांडण लागतं ते सगळ्यांना एकाच घरात बसवायला गेल्यावर.

एवढी मतं वेगळी का?

प्रत्येकजण वेगळा हिशोब धरतो आणि वेगळ्या वर्षापासून. घराचे खर्च तीन: उभारताना जाणारा, राहताना जाणारा आणि दुरुस्तीला जाणारा. मालकाला वीजबिल दरमहा दिसतं, सिमेंटचा धूर कधीच दिसत नाही. आर्किटेक्टला उभारणी दिसते, कारण चावी दिल्यावर त्याचं काम संपतं. दुरुस्ती फक्त राहणाऱ्याला दिसते.

1987 साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं सांगितलं की आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येता कामा नये. सगळे मान डोलावतात, कारण त्यात ‘गरज’ कशाला म्हणायचं हे सांगितलेलं नाही. तीन मुलांच्या नावानं तीन बेडरूम ही गरज आहे का? मुलं पुण्यात नि अमेरिकेत असताना?

मातीचं घर सगळ्यात चांगलं ना? आमचे आजोबा त्यातच राहत होते.

मराठवाड्यात हा प्रश्न जरा जपून विचारा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतांशी स्वतःच्या घराखाली. त्या भागातलं जुनं घर म्हणजे दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांत मातीचा लगदा आणि वर लाकडी फळ्यांचं माळवद, म्हणजे मातीनं झाकलेलं सपाट छत. माळवदावर दर काही वर्षांनी गळतीसाठी नवी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही. उन्हाळ्यात ही घरं कमालीची थंड. तापमानाच्या हिशोबानं आजच्या कुठल्याही रेटिंगमध्ये ती वर गेली असती.

मात्र भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींत गुंतवणारे पूर्ण रुंदीचे दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसल्यावर भिंती फुगल्या, सुटल्या आणि छताची माती खाली आली. पुढे दुरुस्तीच्या कामात इंजिनिअरांनी सांगितलेले उपाय साधे होते: छतावरची माती कमी करा, भिंतीत आरपार बांधणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे घाला, दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवा. म्हणजे माती आणि दगड ठेवूनही सुरक्षित घर शक्य होतं. पण ज्यानं घरातली माणसं दगडांखालून काढली आहेत, त्याला तुम्ही हे समजावणार कसं? लोकांचा त्या साहित्यावरचा विश्वास उडाला.

सगळ्यात जास्त नुकसान झालेली 52 गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवली गेली. जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 450 किंवा 750 चौरस फुटांची घरं, सरळ रेषेत, रुंद रस्त्यांवर. भूकंपाच्या दृष्टीनं चांगली, पण बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, अंगणातली उठबस कुठे, हे कागदावर आलंच नव्हतं. मग लोकांनी पुढे-मागे पत्र्याच्या शेड ओढल्या. टिकाऊपणाचे दोन अर्थ शेजारीशेजारी बघायचे असतील तर औसा-उमरगा भागात एक चक्कर मारा.

तर उत्तर: मातीचं घर चांगलं असतं, नीट बांधलं तर, आणि त्यात राहणाऱ्याला ते हवं असेल तर.

स्थानिक साहित्य वापरलं की झालं ना?

ही कल्पना जुनी आणि सुंदर आहे. सेवाग्रामला राहायला जाताना गांधीजींनी अट घातली होती की झोपडीचा खर्च पाचशे रुपयांवर जाऊ नये आणि साहित्य जवळपासचंच असावं. आज बापूकुटी म्हणून दाखवतात ती त्यांच्या शिष्या मीराबेननं आधी स्वतःसाठी बांधली होती, गांधीजी तिथे नंतर राहायला गेले. इंग्लंडहून येऊन केरळचे झालेले आर्किटेक्ट लॉरी बेकर सांगत की पाच मैलांच्या परिसरात मिळेल त्यातून घर बांधावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांना आयुष्यभर पुरलं.

आता कोकणात या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याचा चिरा म्हणजे अगदी घरचं साहित्य. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक होतो, भट्टी लागत नाही, जाळ लागत नाही. यापेक्षा पर्यावरणपूरक काय असणार? पण चिरा येतो तो सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरून. पावसाळ्यात दोन-तीन महिने याच सड्यांवर अशी फुलं उमलतात जी दुसरीकडे सहसा सापडत नाहीत, डबक्यांत बेडूक वाढतात आणि पाणी जिरून खालच्या वाडीच्या विहिरीला जातं. शिवाय याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. कोकणातली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. यंत्रानं चिरे कापणाऱ्या खाणीला चित्र आहे की नुसता कातळ, हे कळत नाही.

आजोबांनी चार खोल्यांसाठी हातानं चिरे काढले तेव्हा सडा पुरून उरत होता. आज तोच चिरा ट्रकमधून घाट चढून फार्महाऊसच्या ‘रस्टिक लूक’साठी जातो. अंतर मोजून भागत नाही, किती उपसतो तेही मोजावं लागतं. आमचा सल्ला: कोकणात बांधत असाल तर चिरा वापरा, पण पडलेल्या जुन्या घराचे चिरे गावात मिळतात का ते आधी बघा. बहुतेक वेळा मिळतात.

सिमेंट खरंच एवढं वाईट आहे का?

जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटमुळे निघतो. त्यातला निम्म्याहून जास्त भाग कोळशाचा नसून चुनखडीचा आहे: भट्टीत चुनखडी फुटते तेव्हा तिच्यातलाच वायू बाहेर पडतो. म्हणून सगळी भट्टी सौर विजेवर चालवली तरी प्रश्न अर्धाच सुटतो.

पण स्लॅब, कॉलम, पायाची तुळई इथे सिमेंटला सोयीचा पर्याय आज तरी सामान्य माणसाच्या हातात नाही, आणि भूकंपप्रवण भागात तर आम्ही त्यावर वाद घालत नाही. उधळपट्टी दुसरीकडे चालते: गरज नसताना नऊ इंची भिंत, दोन्ही बाजूंना जाड गिलावा, अंगणभर कोबा, कंपाउंडची किल्ल्यासारखी भिंत. दुकानात पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) मागा. त्यात 15 ते 35 टक्के फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख असते; तेवढं क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेले सिमेंटचे खडे, कमी लागतं. मिस्त्री म्हणेल की ते सावकाश पकडतं. खरं आहे, म्हणून पाणी मारायचं काम जास्त दिवस करायचं. मजुरीच्या घाईपायी ते होत नाही, आणि मग दोष सिमेंटला लागतो.

भट्टीची वीट, फ्लाय अॅशची वीट की एएसी ब्लॉक?

भट्टीच्या विटेत शेताची वरची माती आणि कोळसा जातो. फ्लाय अॅशच्या विटेत औष्णिक केंद्राची राख जिरते; चंद्रपूर, कोराडी, परळीच्या आसपास असाल तर विचारही करू नका, तीच घ्या. एएसी ब्लॉक म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी फुगवलेल्या काँक्रीटचा ठोकळा; तो हलका, साधारण विटेच्या एक तृतीयांश वजनाचा, त्यामुळे इमारतीवरचा भार नि सळई कमी होते आणि उष्णताही कमी आत येते. मात्र कोकणातल्या उभ्या पावसात त्याचा गिलावा आणि सांधे नीट नसतील तर भिंत ओल धरते. आणि तुमच्या गावात ब्लॉकचं काम येणारा गवंडी आहे का हे आधी बघा.

मिस्त्री म्हणतो, “हे असलं टिकणार नाही.” ऐकायचं का?

नेहमी ऐकायचं. नेहमी मानायचं असं नाही.

बेकरांनी केरळात रुळवलेली रॅट-ट्रॅप बाँडची भिंत घ्या. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची, मध्ये पोकळी राहते. भिंत नऊ इंचीच, पण विटा सुमारे पाव हिश्शानं वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन कमी लागतं. कागदावर एकदम पक्कं. मिस्त्री मात्र तीन गोष्टी विचारतो: पोकळीत मसाला पडला तर काय, नळाची पाइप नि विजेची पट्टी कुठून न्यायची आणि वाकड्यातिकड्या विटांत ही ओळ कशी साधायची? तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच भट्ट्यांची वीट इतकी ओबडधोबड असते की रॅट-ट्रॅप करायला गेलं तर मसाल्यातच वाचलेले पैसे जातात. ही माहिती आर्किटेक्टच्या पुस्तकात नसते.

दुसरीकडे, मिस्त्रीचं ‘टिकणार नाही’ म्हणजे कधीकधी ‘मी केलेलं नाही’ एवढंच असतं. फिलर स्लॅबचं असं होतं. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, ते काम सळई करते. म्हणून तिथे मंगलोरी कौलं भरून काँक्रीट वाचवतात. मिस्त्रीला वाटतं आपण स्लॅब पोखरतोय. त्याला झालेलं घर दाखवायला न्या, चहा पाजा, तिथल्या गवंड्याशी बोलू द्या. आमच्या अनुभवात ड्रॉइंगवर तास घालवण्यापेक्षा हे लवकर पटतं.

तरी आमची एक अट आम्ही सोडत नाही. घर दुरुस्त करायला शंभर किलोमीटरवरून माणूस आणावा लागणार असेल तर ते तंत्र त्या घरात नको, मग ते कितीही हिरवं असो.

ग्रीन रेटिंगची इमारत म्हणजे खात्रीची ना?

रेटिंग ही एक परीक्षा आहे, आणि परीक्षेचा अभ्यास कसा होतो हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. भारतात टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीन ऊर्जा मंत्रालय यांची ‘गृह’ पद्धत आहे, सीआयआय या उद्योगांच्या संघटनेची आयजीबीसी आहे, अमेरिकेची लीड आहे. हैदराबादचं सीआयआयचं सोहराबजी गोदरेज केंद्र 2003 साली लीड प्लॅटिनम झालं तेव्हापासून मोठ्या इमारतींत ही चढाओढ सुरू झाली.

त्याचा फायदा झालाच. पाण्याचे मीटर, चांगल्या काचा, सांडपाण्याची प्रक्रिया या गोष्टी बिल्डर आपणहून कधी करत नव्हते. महाराष्ट्राच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत रेटिंगच्या पातळीप्रमाणे मूळ एफएसआयवर (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) 3, 5 किंवा 7 टक्के वाढीव एफएसआय मिळतो. म्हणजे पर्यावरण जपल्याचं बक्षीस म्हणून आणखी बांधकाम. आम्हाला यातली गंमत अजून पचलेली नाही.

फ्लॅट घेताना विचारा की प्रमाणपत्र आराखड्याला मिळालंय की बांधून झालेल्या इमारतीला, आणि सांडपाण्याचा प्लँट आज चालू आहे का. दुसऱ्या प्रश्नावर सेल्स ऑफिसात शांतता पसरली तर समजून घ्या.

सोलर लावलं की घर ग्रीन झालं?

वीज ग्रीन झाली. आपल्याकडे 1 किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण 4 युनिट देतं आणि पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, तर लावाच. पण पश्चिमेला काचेची भिंत उभारून, ती थंड ठेवायला एसी लावून, एसीसाठी सोलर लावणं हा उलटा क्रम झाला. आधी पश्चिमेची खिडकी लहान करा, बाहेरून छज्जा किंवा जाळी द्या. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो.

गावात सगळे स्लॅबच का घालतात? त्यांना कळत नाही का?

शहरातून येणारा हा सगळ्यात लाडका प्रश्न. त्यांना नीट कळतं.

कौलारू घर दरवर्षी शाकारावं लागतं. वर चढणारा माणूस आता मिळत नाही, मुलगा मुंबईला असतो आणि वानरांची टोळी एका सकाळी पन्नास कौलं फोडते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात कौलं-पत्रे पाचोळ्यासारखे उडवले, तेव्हा ज्यांच्या डोक्यावर स्लॅब होता त्यांच्याकडे शेजारपाजारचे आसऱ्याला गेले. त्यानंतर तिथे कौलाची भलामण करायला गेलात तर लोक ऐकून घेतील, चहाही देतील, बांधतील स्लॅबच.

आणि सारवण. मातीच्या जमिनीला शेणानं सारवायचं काम कुणी केलं? बाईनं. पहाटे उठून, कंबर मोडून, सणाच्या आधी तर पूर्ण घर. तिच्या श्रमाचा आकडा कुठल्याच कार्बनच्या हिशोबात येत नाही. तिनं फरशी मागितली म्हणून तिला निसर्गापासून तुटलेली म्हणायचं, आणि फार्महाऊसवर पैसे देऊन सारवून घेणाऱ्याला जागरूक, हे आम्हाला मान्य नाही.

मग करायचं काय? स्लॅब हवाच तर स्लॅब घाला, पण वर पांढरा चुना किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करा, पडवी ठेवा, जोतं उंच घ्या, भिंतीवरून छज्जा दोन फूट तरी बाहेर काढा. किंवा स्लॅबला उतार देऊन वर कौलं बसवा. शुद्धतावादी नाक मुरडतात. घर गळत नाही.

असं बांधलं तर खर्च जास्त येतो ना?

येऊ शकतो, आणि कमीही होतो. मातीच्या ब्लॉकचं, चुन्याचं, दगडाचं काम यात साहित्य स्वस्त आणि मजुरी जास्त. पैसा कंपनीला न जाता गावातल्या हातांना जातो. काही लोकांच्या दृष्टीनं टिकाऊपणाचा खरा अर्थ हाच. बेकरांची घरं स्वस्त झाली कारण ते स्वतः साइटवर उभे राहत आणि अनावश्यक ते सगळं वगळत. आज ‘इको’ घराचं बिल फुगतं ते बहुधा मातीमुळे नाही. गिलावा न केलेल्या भिंतीशेजारी इटालियन नळ बसवल्यामुळे फुगतं.

खर्च कमी करायचा एक हमखास उपाय आहे. घर लहान बांधा. हा सल्ला आम्ही देतो तेव्हा समोरचा माणूस लगेच बांबूकडे वळतो.

बरं, बांबूचं काय?

चांगला, पण कच्चा लावू नका; बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया केलेली असावी, जमिनीपासून उंच आणि पावसापासून आत. सिंधुदुर्गचा माणगा घट्ट आणि सरळ असतो, छपराच्या कामाला उत्तम. वन कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर शेतातला बांबू कायद्यानं ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे तोडीची कटकट कमी झाली.

घर शंभर वर्षं टिकलं पाहिजे ना?

आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी नवी मुंबईतल्या बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत केली. सात-सात घरं एका अंगणाभोवती, कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलं. नुसतं वाढवलं नाही, पुष्कळांनी मूळ उतरत्या छपराचं घर पाडून तीन मजली आरसीसी चढवली. आज तिथे जाणारे आर्किटेक्चरचे विद्यार्थी हळहळतात की मूळ रचना राहिली नाही.

आम्हाला ते डिझाइन यशस्वी वाटतं. भिंती गेल्या, अंगणं राहिली. माणसं उठून दुसरीकडे गेली नाहीत. कमाई वाढली तशी तिथेच वर चढली. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत हाच विचार आणखी पुढे नेला: गरिबाला जोतं, संडास-न्हाणी, एखादी खोली एवढंच द्यायचं, बाकी तो त्याच्या ऐपतीनं करेल.

याच्या उलट मत असणारे आहेत आणि त्यांचंही खोटं नाही: पाडून बांधणं म्हणजे पहिलं सिमेंट वाया आणि दुसरं नव्यानं. म्हणून आम्ही विचारतो की पुढे मजला चढणार असेल तर पाया आजच तसा घ्यायचा का? दहापैकी निम्मे मालक म्हणतात, “नाही हो, एवढं पुरे.” आणि जिना मात्र गच्चीपर्यंत काढतात.

गावचा जुना वाडा आहे. पाडू की ठेवू?

आधी छप्पर आणि पाणी बघा. भिंत पाण्यानं मरते, वयानं नाही. सागवानी खांब-तुळया ठोकून बघायला जुना सुतार न्या. वाळवी एका टोकाला असेल तर तेवढाच भाग बदलता येतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुगा होते. चुन्याचाच करा. ठेवणं शक्य नसेल तर लाकूड, चिरे, कौलं, घडीव दगड सुटे करून विका किंवा नव्या घरात वापरा. जेसीबीवाला एका दिवसात सगळं सपाट करून देतो म्हणतो, ते स्वस्त वाटतं, पण जुन्या सागाचा भाव त्याच्यापेक्षा तुम्हाला आधी कळू दे. बाकी हिस्सेदारांचं एकमत, हा आमचा विषय नाही.

मी फ्लॅटमध्ये राहतो. घर बांधायचंच नाही. माझ्यासाठी यात काही आहे का?

आहे, आणि तुमच्यासारखेच जास्त आहेत. ताबा मिळाल्या मिळाल्या चांगल्या फरश्या उखडून दुसऱ्या बसवणं, पीओपीचं छत टांगणं, पाच वर्षांनी ते पुन्हा काढणं, यात शहरातला मोठा राडारोडा तयार होतो. बांधकाम कचऱ्याच्या नियमांनुसार तो वेगळा ठेवून ठरलेल्या जागी पोचवायची जबाबदारी ज्याच्या घरातून निघाला त्याची आहे. ठेकेदार ‘मी बघतो’ म्हणेल. तो कुठे टाकणार ते विचारा आणि पावती मागा, नाहीतर टेंपो रात्री नदीकाठी रिकामा होतो. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्यायचा ठराव सोसायटीत मांडा. वरच्या मजल्यावरचे लगेच हात वर करतील, तळमजल्याचे वर्गणीचा हिशोब मागतील. तेव्हा त्यांना टाकीच्या गळतीची दुरुस्तीही त्याच कामात करून द्यायची तयारी ठेवा.